बोकड कुथतोय? तेलाची बाटली खाली ठेवा, आणि या चुका टाळा

पाठ वाकवून, मागचे पाय फाकवून बोकड कुथत उभा असतो, शेपूट सारखी हलते, मधूनच ओरडतो. पाहणारा म्हणतो, "पोट साफ झालं नाही याचं," आणि तेल पाजतो. धायरीत आमच्या पहिल्या बोकडाला मीही तेच पाजलं. खाली ताज्या लेंड्या पडल्या होत्या, त्या मला दिसल्याच नाहीत. अडली होती ती लघवी.

शेळीला हा त्रास क्वचितच होतो, कारण तिची मूत्रनलिका आखूड आणि रुंद असते. बोकडाची लांब आणि चिंचोळी. वाटेत एक नागमोडी वळण आणि टोकाला गांडुळासारखी बारीक शेपटी. मुतखडे बहुतेक वेळा या दोन जागी अडकतात.

लाडाचा खुराक

सगळ्यात मोठी चूक हीच. गव्हाचा कोंडा, मका भरडा, बाजरी, वर सोसायटीतल्या काकूंनी प्रेमाने आणलेल्या शिळ्या पोळ्या आणि पाव. धान्यात, आणि कोंड्यात तर विशेषच, फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट असतो. बोकडाच्या एकूण आहारात प्रमाण उलटं हवं: फॉस्फरस एक भाग, तर कॅल्शियम निदान दोन भाग. दुसरी गोष्ट रवंथाची. कडबा, वाळलेलं गवत किंवा झाडपाला चावताना भरपूर लाळ सुटते, आणि जादा फॉस्फरस त्या लाळेतून पोटात येऊन लेंड्यांवाटे निघून जातो. भरडा गपकन गिळला जातो, लाळ कमी सुटते आणि तो फॉस्फरस लघवीत उतरतो. तिथेच खडे धरतात.

पैदाशीला न वापरलेल्या, घरी लाडाने पाळलेल्या मोठ्या बोकडाला चांगला चारा मिळत असेल तर खुराकाची जवळजवळ गरजच नसते. ईदसाठी वजन वाढवणाऱ्यांचं गणित वेगळं. त्यांचं पाहून आपण घमेलं भरू नये. पोळ्या आणणाऱ्यांना नाही म्हणणं अवघड जातं, हे मान्य. त्यांच्या हातात सुबाभळीची एक डहाळी द्या. बोकडही खूश, काकूही.

"मग लसूण घासच देतो"

कॅल्शियम हवं म्हणून रोज नुसता लसूण घास (ल्युसर्न नावाचा हिरवा चारा) घालणारेही आहेत. त्यातल्या जादा कॅल्शियमचे वेगळे खडे होतात. दुभत्या शेळीला तो हवा, बोकडाला तोंडी लावण्यापुरता. म्हणून गव्हाणी वेगळ्या ठेवा. शेळीसाठी आणलेलं मिनरल मिक्श्चर बोकडाला घालण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पाणी

लेंड्या पडलेल्या बादलीला बोकड तोंड लावत नाही आणि दिवसभर तहानलेला राहतो. दिवसातून दोनदा बादली विसळून भरा. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात सकाळी पाणी कोमट करून द्या. शेजारी मिठाचा खडा चाटायला असला की पाणी आपोआप जास्त पितो.

घाईचं खच्चीकरण

अगदी लहानपणी खच्ची केलं की नराचे हार्मोन थांबतात आणि नलिका पुरेशी रुंद होत नाही. पाळीव करडू 5–6 महिन्यांचं होईपर्यंत थांबा आणि पशुवैद्यांकडून, भूल देऊनच करून घ्या.

बाजारातला नवसागर

लघवी आम्ल करून ठराविक प्रकारचे खडे टाळण्यासाठी डॉक्टर अमोनियम क्लोराईड देतात. म्हणजे आपला नवसागरच, भांड्यांना कल्हई करताना वापरतात तो. पण म्हणून कल्हईवाल्याकडून आणून बोकडाच्या खुराकात टाकू नका. तो खाण्यासाठी शुद्ध केलेला नसतो, मात्रा वजनावर ठरते आणि लघवी आधीच अडली असेल तर घरी प्रयोग करण्यात अर्थ नाही.

लघवी अडलीच तर

शिश्नाच्या आवरणाच्या तोंडाशी असलेल्या केसांना वाळूसारखे कण चिकटलेत का, लघवी थेंबथेंब किंवा लालसर येतेय का, बोकड दात खातोय का, ते पाहा. पोट दाबू नका, जबरदस्तीने पाणी पाजू नका. पूर्ण अडल्यावर साधारण एक-दोन दिवसांत मूत्राशय फुटू शकतं. ते फुटलं की कळा थांबतात, बोकड थोडा वेळ शांत दिसतो आणि आपल्याला वाटतं तेल लागू पडलं. तोवर लघवी पोटात पसरत असते.

वेळेत पोहोचलं तर कधी कधी टोकाची ती बारीक शेपटी कापल्यानेही वाट मोकळी होते; कधी शस्त्रक्रिया लागते. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक 1962 आहे. फोनवर "बोकड सुस्त आहे" असं मोघम सांगू नका. "लघवी अडली आहे, शेवटची अमुक वाजता पाहिली," असं सांगा.