जर्मनीतल्या हिवाळ्यात वाद्यं, गळा आणि घर कसं सांभाळावं

पुण्यातून जर्मनीत गेलेल्या गायक-वादकांच्या घरी डिसेंबर ते फेब्रुवारी हे सगळ्यांनी एकत्र असण्याचे दिवस. दौरे विरळ होतात, प्रवासाच्या बॅगा कपाटावर जातात, मुलांना आई किंवा बाबा सलग काही आठवडे दिसतात. पण याच दिवसांत तबल्याची शाई (मधला काळा गोल) तडकते, तानपुऱ्याच्या खुंट्या घसरतात, सकाळी गळा कोरडा असतो आणि धाकट्याच्या नाकातून रक्त येतं. या चारही तक्रारींचं मूळ एकच आहे: हीटिंगमुळे कोरडी झालेली घरातली हवा. ती ताब्यात आली की निम्मा हिवाळा सुखाचा होतो.

कारण साधं आहे. ० अंशांची बाहेरची हवा पूर्ण दमट असली तरी तिच्या एका घनमीटरमध्ये पाच ग्रॅमही पाणी मावत नाही. तीच हवा घरात येऊन २० अंशांना तापली की तिची पाणी धरायची ताकद सतरा ग्रॅमच्या पुढे जाते. पाणी मात्र तेवढंच राहतं, म्हणून सापेक्ष आर्द्रता २८ टक्क्यांवर येते. बाहेर उणे १० असेल तर हिशोब १४ टक्क्यांच्या आसपास जातो. पावसाळ्यात पुण्यात ८० टक्क्यांच्या वर राहिलेलं लाकूड आणि कातडं थेट अशा खोलीत आलं, तर ते आकसणारच.

आधी मोजा

वाद्यांच्या खोलीत एक आणि मुलांच्या खोलीत एक, असे दोन डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. स्वस्तातले चालतात, पण त्यांची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ आणि ते चिखलासारखं होईल इतपत पाणी घाला. मीठ विरघळता कामा नये. हे झाकण आणि मापक हवाबंद डब्यात आठ-दहा तास ठेवा. आत ७५ टक्के आर्द्रता तयार होते. मापक ७० दाखवत असेल तर त्याच्या प्रत्येक आकड्यात पाच मिळवायचे, एवढंच.

लक्ष्य ४५ ते ५५ टक्के. ४० च्या खाली वाद्यांना धोका, ६० च्या वर भिंतींना.

रेडिएटरच्या व्हॉल्व्हवर ३ म्हणजे साधारण २० अंश, आणि एकेका आकड्याला सुमारे चार अंशांचा फरक. वाद्यांच्या खोलीत ३ च्या वर जाऊ नका. ज्या हवेची आर्द्रता २० अंशांना २८ टक्के असते, तीच २३ अंशांना २४ च्याही खाली जाते. स्वेटर घालून रियाज करणं हा इथला सर्वांत स्वस्त उपाय आहे.

तरीही कमी पडलं तर आर्द्रता वाढवणारं यंत्र लागेल. वीस चौरस मीटरच्या खोलीला कडाक्याच्या थंडीत दिवसाला दीड-दोन लिटर पाणी लागतं, त्यामुळे टेबलावरचं कपाएवढं यंत्र निरुपयोगी. ओल्या पडद्यातून हवा फिरवणारं यंत्र घ्या. धुकं सोडणाऱ्या अल्ट्रासोनिक यंत्रात नळाचं जड पाणी घातलं तर चुन्याची पांढरी भुकटी हार्मोनियमच्या सुरांवर (आतल्या पितळी पट्ट्यांवर) आणि तानपुऱ्याच्या जवारीवर (घोडीच्या ज्या पृष्ठभागावर तारा टेकतात तिथे) बसते. यंत्र कोणतंही असो, टाकी दर दोन-तीन दिवसांनी घासा.

यंत्र नसेल तर मशिनमधून काढलेले कपडे वाद्यांच्या खोलीत वाळत घाला. एका घाण्यातून लिटरभर ते दोन लिटर पाणी हवेत जातं.

स्वयंपाकघरात चित्र उलटं असतं. कुकरच्या शिट्ट्या, उकळती आमटी, पोळ्या. इथे आर्द्रता सहज ७० गाठते आणि ती वाफ बाहेरच्या थंड भिंतीवर बसून काळी बुरशी धरते. बुरशीवरून घरमालकाशी होणारे वाद लांबतात. म्हणून जर्मन शेजारी करतात तसंच करा: व्हॉल्व्ह बंद, खिडकी पूर्ण उघडी, पाच मिनिटं, मग बंद. दिवसातून तीन-चार वेळा. खिडकी तासन्‌तास किंचित कलती ठेवली तर भिंत गार पडते आणि हवा मात्र नीट बदलत नाही. बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवू नका, पाच-दहा सेंटीमीटर मोकळे सोडा.

वाद्यं

कातडं कोरडं पडलं की ताणलं जातं आणि स्वर चढतो. काळी एकला लावलेला तबला जानेवारीत हात न लावता पांढरी दोनकडे, म्हणजे अर्धा स्वर वर, सरकतो. तो तसाच चढलेला राहिला तर आधी शाईच्या कडेला केसासारख्या भेगा दिसतात, मग पुडी (तोंडावरचं कातडं) गजऱ्यापाशी (तिच्या कडेच्या विणलेल्या कड्यापाशी) फाटते. वाजवून झालं की गजऱ्यावर खालून वर हलके ठोके देऊन तबला अर्धा स्वर उतरवा, गठ्ठे (बाजूचे लाकडी ठोकळे) थोडे वर सरकवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायला पाच मिनिटं लागतील, ती सत्कारणी लागतात. डग्ग्याचंही तेच. त्याची पुडी मोठी, म्हणून कोरडेपणा तिथे लवकर जाणवतो आणि मींड (तळहाताने दाबून स्वर सरकवणं) कडक होते. पुडीला पाणी, तेल किंवा क्रीम लावू नका. पाण्याने शाई सुटते आणि सुटलेली शाई घरी बसवता येत नाही.

रेडिएटरपासून किमान दोन मीटर आणि बाहेरच्या भिंतीपासून हातभर अंतर ठेवा. जमीन गरम करणारी हीटिंग असेल तर वाद्य जमिनीवर ठेवूच नका, लाकडी बाकावर ठेवा. या हीटिंगने खालून तापलेला तानपुऱ्याचा भोपळा सांध्यातून उकलतो, आणि ते आठवडाभर दिसतही नाही.

तानपुरा आणि सतार वापरात नसताना तारा स्वरभर उतरवा. खुंट्या आकसून घसरायला लागल्या की त्या ठोकून आत बसवायचा मोह होतो. तसं केलंत तर उन्हाळ्यात लाकूड फुगल्यावर खुंटी अडकेल किंवा दांडी चिरेल. खुंटी बाहेर काढा, खडू घासा, फिरवत फिरवत बसवा. भोपळ्याला चीर दिसलीच तर तारा लगेच सैल करा, खोलीची आर्द्रता आठ-दहा दिवसांत हळूहळू ५० वर आणा आणि मगच चिकटवायचं बघा. रुंदावलेल्या चिरेत घाईने गोंद भरला, तर चीर परत मिटताना शेजारचा भाग फुटतो.

हार्मोनियमच्या फळीचा सांधा उघडला की भात्यातली हवा गळते. कसोटी सोपी: सगळे स्वर सोडून भाता भरा आणि पाहा. तो लगेच बसत असेल तर गळती आहे.

बाहेरून आणलेली वाद्याची केस तासभर, कडाका असेल तर दोन तास, बंदच राहू द्या. थंड तारांवर आणि पितळी सुरांवर घरातली वाफ दवासारखी जमते आणि गंज तिथूनच सुरू होतो. मुलांना केस उघडायची घाई असते, त्यांना हे एकदा समजावून सांगा.

रियाजाची वेळ आणि शेजारी

रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळावी लागते. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही आवाज जपून. पण घरात वाद्य वाजवण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१८ मध्ये एका ट्रम्पेटवादकाच्या खटल्यात कामाच्या दिवशी दोन-तीन तास आणि सुट्टीच्या दिवशी एक-दोन तास हा ढोबळ मापदंड सांगितला. इमारतीचे नियम मात्र वाचा. दुपारची विश्रांती बहुधा त्यात लिहिलेली असते.

सकाळी ९ ते ११ ही वेळ उत्तम. मुलं शाळेत किंवा किटात (पाळणाघर-बालवाडीत), शेजारी कामावर. तबल्याचा आवाज भिंतीपेक्षा जमिनीतून जास्त जातो, विशेषतः डग्ग्याचा. खाली जाड रबरी चटई, वर कापसाची गादी आणि मग वाद्य. सामाईक भिंतीला पुस्तकांनी भरलेलं कपाट लावा. खालच्या मजल्यावरच्या आजींना वेळ आधीच सांगून ठेवली आणि संक्रांतीला तिळाचे लाडू नेऊन दिले, तर तक्रारीच्या चिठ्ठ्या येत नाहीत.

पुण्यातले विद्यार्थी ऑनलाइन शिकत असतील तर हिवाळ्यात पुणं साडेचार तास पुढे असतं. त्यांचे संध्याकाळचे ६ ते ८ म्हणजे तुमचे दुपारचे दीड ते साडेतीन. म्हणून मुलांना आणायचं काम त्या काळात जोडीदाराकडे द्या. बर्लिनमध्ये डिसेंबरात चार वाजण्याआधी सूर्य मावळतो, तेव्हा क्लासच्या आधी, बारा ते एक, बाहेर पायी फिरून या. मुलांना सुट्टी असेल त्या दिवशी त्यांनाही न्या.

दौऱ्यामुळे मुलांच्या वाट्याला जे येत नाही, ते या महिन्यांत देता येतं. त्यासाठी तारखा आधी राखून ठेवा. ११ नोव्हेंबरच्या सुमारास कंदील घेऊन निघणारी मुलांची मिरवणूक, ५ डिसेंबरच्या रात्री खाऊसाठी दारात ठेवायचे घासलेले बूट, २४ ची संध्याकाळ. २४ ला दुकानं दुपारीच मिटतात, २५ आणि २६ पूर्ण बंद, तेव्हा दूध-भाजी २३ लाच आणा. गाणारे असाल तर हवा कोरडी असताना मुलांच्या गोंधळावर आवाज चढवू नका. टाळी वाजवून बोलावायची सवय घरात लावा.

कलाकारांच्या सामाजिक विमा योजनेत असाल तर पुढच्या वर्षाच्या अंदाजे उत्पन्नाचा आकडा १ डिसेंबरपर्यंत कळवायचा असतो.

पुण्यातून निघण्याआधी

पुडी पावसाळ्यात चढवून घेऊ नका. ओलसर हवेत ती नीट सुकत नाही आणि जर्मनीत पहिल्याच महिन्यात बेफाम चढते. कोजागरीनंतर पेठेतल्या कारागिराकडे काम द्या. जर्मनीत पुडी चढवणारा मिळणं कठीण, म्हणून नट-बोल्टचा तबला घ्या, सोबत दोन जादा पुड्या आणि पान्याने पुडी बदलायचा सराव पेठेतल्या कारागिराकडेच करा. वादीचाच (कातडी पट्टीने ताणलेला) तबला हवा असेल तर चढवलेला दुसरा तबला न्या.

मिरजेहून तानपुरा घेताना घोडी कशाची आहे ते विचारा. हस्तिदंत आणि सांबरशिंग दोन्ही विमानतळावर अडकवतील. शिसवीच्या तयार वाद्यांना २०१९ पासून आंतरराष्ट्रीय परवान्याची अट नाही, तरी खरेदीची पावती आणि लाकडाचं नाव सोबत ठेवा.

मार्चच्या शेवटच्या रविवारी जर्मनीतलं घड्याळ तासभर पुढे जातं आणि फरक साडेतीन तासांवर येतो. पुण्यातल्या विद्यार्थ्यांना नवी वेळ आधीच्या आठवड्यातच कळवा.