कुजलेल्या फळ्या बदलताना : माझा अनुभव

मेलबर्नमधलं आमचं लाकडी फळ्यांचं घर १९५० च्या आसपासचं. मागच्या भिंतीच्या खालच्या चार फळ्या इतक्या कुजल्या होत्या की स्क्रूड्रायव्हर टेकवला तरी आत रुतायचा.

आधी रंग तपासला. इथे १९७० पूर्वीच्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता असते, आणि आमच्याकडे निघालंच. त्यामुळे कोरडं घासणं बंद. खाली प्लास्टिक अंथरलं, पी२ (बारीक धूळ अडवणारे) मास्क लावले, पाणी मारत घासलं. मुलांना दिवसभर मावशीकडे पाठवलं. यात तडजोड नको.

फळ्या एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात, त्यामुळे फळी ओढून काढू नका, वरची चिरते. मेव्हण्याने वरच्या फळीखाली पाचर सरकवली, फटीतून हॅकसॉचं (धातू कापायच्या करवतीचं) पातं घालून खिळे कापले. फळी अलगद हातात आली! नव्या फळ्या मित्रांनी धरल्या, मी गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेले) खिळे ठोकले. कापलेल्या टोकांना प्रायमर आधीच लावा. पाणी तिथूनच शिरतं.

फळ्या कुजण्याचं खरं कारण मात्र बाबांनी शोधलं. ते पुण्याहून तीन महिन्यांसाठी आले होते. वाफ्याची माती वर्षानुवर्षं फळ्यांना टेकलेली होती. त्यांनी फावडं घेऊन संध्याकाळपर्यंत ती वीतभर खाली उतरवली.