माल कुठचा, कोणाच्या हातचा? खरेदीआधी असं तपासा

मागच्या उन्हाळ्यात वर्षाचं तिखट करायचं राहून गेलं, म्हणून बाजाराच्या दिवशी अर्ध्या किलोचं पाकीट घेतलं. समोर ठसठशीत अक्षरात ‘भिवापुरी’. दुकानदार म्हणाला, “अस्सल हाय बाई, डोळे मिटून घ्या.” मी खरंच डोळे मिटून घेतलं. घरी येऊन चष्मा लावला आणि मागची बारीक अक्षरं वाचली, तर पत्ता तिसऱ्याच राज्यातला. मिरची भिवापूरची असेलही, पण तसं सांगणारी एक ओळ पाकिटावर नव्हती. नावाचे पैसे मात्र मी मोजून आले होते.

गावाच्या नावावर माल खपतो, हे आपल्याला नवं नाही. नागपूरच्या संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायची सरकारी नोंद) मिळालं, नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला आणि वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ साली. तेव्हापासून बाजारात ही नावं जास्तच ऐकू येतात. ती खरी की खोटी, हे ओळखायची सवय अशी लावून घ्या.

आधी पाकीट उलटं करा

समोरची बाजू जाहिरातीची, मागची कायद्याची. २०११ च्या वेष्टित वस्तू नियमांनुसार पाकिटावर निर्मात्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता लागतोच. माल परदेशी असेल तर आयातदार आणि मूळ देशही. ‘निर्माता’, ‘पॅकर’ आणि ‘मार्केटेड बाय’ हे तिघं वेगळे असू शकतात. शेवटचा फक्त आपलं नाव लावून विकतो.

खाण्याच्या वस्तूवर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक शोधा. तो १ ने सुरू होत असेल तर परवाना, २ ने होत असेल तर लहान धंद्याची नोंदणी. ‘फॉसकॉस’ या सरकारी संकेतस्थळावर क्रमांक टाकला की धंदा कोणाचा ते मोबाईलवर दिसतं. बारकोड ८९० ने सुरू झाला म्हणजे माल भारतात बनला, असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतं. ते खरं नाही. तो आकडा कंपनीने बारकोडची नोंदणी कुठे केली एवढंच सांगतो. पत्ताच नसेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

मग दुसरा प्रश्न विचारा

‘कुठचं’ हे कळलं म्हणजे ‘कसं’ हे कळलं असं होत नाही. इथेच बहुतेकांची गफलत होते. मानांकन मातीची आणि वाणाची ओळख सांगतं, मजुरीबद्दल ते काहीच बोलत नाही.

भिवापूर-कुही-पवनी पट्ट्यात मिरचीचे सातरे, म्हणजे देठ खुडायच्या जागा, असतात. बायका मांडी घालून दिवसभर लाल ढिगासमोर बसतात आणि एकेका मिरचीचा देठ खुडतात. मजुरी किलोमागे, रोजाने नाही. संध्याकाळी बोटं इतकी पेटलेली असतात की धुऊनही भागत नाही, आणि घरी आल्यावर लेकराला उचलून घ्यायची भीती वाटते. पाकिटावर यातलं काही छापून येत नाही. ते विचारावंच लागतं.

म्हणून बचत गटाकडून किंवा ओळखीच्या चक्कीवाल्याकडून घेताना सरळ विचारा: मावशी, मिरची कोणाच्या वावरातली? देठ काढायला किलोमागे काय दिलं? पैसे लगेच दिले की हंगाम संपल्यावर? ज्यांनी स्वतः काम करून घेतलंय ते पटकन सांगतात. ‘बचत गट’ असा शिक्का असूनही माल शहरातून पोत्यात आणलेला असेल, तर उत्तर गोल गोल येतं. त्यावरून समजायचं.

प्रत्येक वस्तूच्या मागे लागू नका

काडेपेटीपासून साबणापर्यंत सगळ्याची चौकशी करत बसलात तर बाजार उठून जाईल. शिवाय हात आखडता असताना महाग तेच नैतिक, असा हिशेब कोणाला परवडतो? मी वर्षातून तीनच गोष्टी धरते: तिखट-हळद, सणाचं कापड आणि बियाणं. बाकी जमेल तसं.

हळदीचं सोपं आहे. दळलेली घेण्याऐवजी हळकुंडं घ्या आणि डोळ्यांसमोर दळून घ्या.

कापड घेताना

ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवरच्या कोशातून टसर निघतं. भंडारा-गडचिरोलीकडे हे काम पिढ्यानपिढ्या चालतं. दुकानात टसर म्हणून पॉलिस्टर सर्रास गळ्यात मारतात. पदराच्या टोकाचा एक धागा मागून घ्या आणि जाळून बघा. रेशीम असेल तर केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चिमटीत भुगा होते. पॉलिस्टर वितळून टणक मणी होतो. धागा द्यायला कां-कूं करणारा दुकानदार मी सोडून देते. रेशीम खरं निघालं तरी साडी हातमागाची की यंत्रमागाची, हे वेगळं विचारा. मजुरी खरी तिथे ठरते.

बियाणं घेताना

हे सगळ्यात अवघड. हायब्रीड कपाशीच्या बियाण्यासाठी संध्याकाळी एकेका कळीतले पुंकेसर हाताने काढतात आणि सकाळी हातानेच परागकण लावतात. या कामाला लहान बोटं सोयीची, म्हणून गुजरात, आंध्र, तेलंगणातल्या बीजोत्पादनाच्या शेतांवर मुलं राबत असल्याचं वेळोवेळी नोंदवलं गेलंय. १४ वर्षांखालच्या मुलाला असं मजुरीला लावणं बेकायदा आहे. आमच्या घरी बियाणं भाऊ आणतो. त्याने कृषी केंद्रात हे विचारलं, तर दुकानदार हसला. त्याचंही बरोबर, त्याला कुठून माहीत असणार? हा प्रश्न पिशवीवरच्या ग्राहक क्रमांकावर कंपनीलाच विचारावा लागतो.

चोरबीटीचं, म्हणजे चोरून विकल्या जाणाऱ्या बीटी बियाण्याचं, तर बोलायलाच नको. तणनाशक सहन करणाऱ्या या कपाशीला मंजुरी नाही, त्यामुळे बिल नाही आणि उगवलं नाही तर दाद मागायला जागाही नाही. निंदणाची मजुरी वाचते म्हणून लोक घेतात, हे मला कळतं. पण तो माल कुठचा, हे विकणाराही सांगू शकत नाही.

बियाणं परवानाधारक दुकानातूनच घ्या. बिलावर वाण आणि लॉट नंबर लिहून घ्या आणि पिशवीवरच्या नंबराशी तिथेच ताडून पाहा. पेरणी झाल्यावर रिकामी पिशवी, टॅग आणि मूठभर बियाणं बिलासोबत बांधून कापूस घरी येईपर्यंत ठेवा. आमच्याकडे हे गाठोडं धान्याच्या कोठीमागे खिळ्याला टांगलेलं असतं, उंदरांपासून लांब.