फूल थांबवायचं, पाणी वाहू द्यायचं

फोटोग्राफी नव्यानं शिकणाऱ्यांना मी सप्टेंबरात साताऱ्याला जायला सांगतो. शहरापासून साधारण २५ किलोमीटरवर कासचं पठार, आणि दुसऱ्या अंगाला ठोसेघरचा धबधबा. शटरचा वेग, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड किती वेळ येतो ते, नीट समजून घ्यायला यासारखी जोडी नाही. एकीकडे वाऱ्यावर डोलणारं फूल स्थिर दिसायला हवं, दुसरीकडे पाणी वाहतंय हे फोटोत कळायला हवं.

कासला जांभ्या कातळावर मातीचा जेमतेम थर असतो. त्या ओलीत सीतेची आसवं फुलतात. ही वनस्पती कीटकभक्षी, मातीखालच्या बारीक पिशव्यांनी सूक्ष्म जीव पकडणारी. फूल नखाएवढं, देठ दोऱ्यासारखा, आणि पठारावर वारा सतत. शटर १/५०० सेकंद ठेवा, त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) ८०० करावा लागला तरी चालेल. फोटोत थोडे दाणे आले तर बिघडत नाही, हललेलं फूल मात्र फुकट जातं. उभ्यानं काढलेले गालिच्याचे फोटो सगळ्यांकडे असतात. पायवाटेवरच आडवे व्हा, लेन्स फुलाच्या उंचीला आणा. मागची फुलं विरघळून जांभळा पट्टा तयार होतो आणि पुढचं एकच फूल उठून दिसतं. वाटेवरून जमत नसेल तर टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी लेन्स) लावा, पण फुलांत पाय टाकू नका. कुठल्याही फोटोपेक्षा ते झाड मोलाचं आहे.

ढग आले म्हणून हिरमुसू नका, पाकळ्यांचा रंग मऊ उजेडातच खुलतो. धुक्यात कॅमेरा फोटो काळसर काढतो, तेव्हा एक्स्पोजर (फोटोतला उजेड) +१ करा.

ठोसेघरला सगळं उलट. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ/११ (म्हणजे लेन्सचं छिद्र लहान) आणि सीपीएल, म्हणजे चमक कापणारा पोलरायझर फिल्टर. तो फिरवत गेलात की ओल्या कातळाची चमक उतरते, पानांचा हिरवा गडद होतो. शिवाय तो दीडएक स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे शटर आपोआप लांबतं. पांढरं पाणी जळू नये, म्हणजे त्यातला तपशील पुसला जाऊ नये, म्हणून हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) बघत एक्स्पोजर थोडं कमी करा. सगळे सांगतात की शटर एक सेकंद ठेवा. मला ते पटत नाही. जोराच्या पावसानंतर पाणी इतकं असतं की एका सेकंदात नुसती पांढरी चादर उरते. अशा वेळी १/८ च्या आसपास धारा सुट्या दिसतात. तुषार उडत असतील तर दोन फोटोंच्या मधे लेन्स खाली वळवा, खिशात कोरडं मायक्रोफायबर कापड ठेवा.

दोन्ही ठिकाणी एकच फ्रेम १/५००, १/६०, १/८ आणि १ सेकंदाला काढा. घरी मोठ्या पडद्यावर शेजारी शेजारी लावून बघा.