छातीवरचा सेन्सर कुठे फसतो
अंधांची पांढरी काठी कमरेखालचं सांगते. ट्रॉलीतून तोंडाच्या उंचीला बाहेर आलेला ऊस तिला लागत नाही. त्यासाठी एचसी-एसआर०४ हा अल्ट्रासॉनिक (ऐकू न येणारा आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा, अडथळा आला की बीप द्यायला वापरायचा) सेन्सर छातीवरच्या पट्ट्याला, किंचित वर वळवून लावा. पोटावर लावला तर स्वतःचेच हात मध्ये येतात नि बीप थांबत नाही. दोन मोजण्यांत निदान ६० मिलिसेकंद सोडा, नाहीतर आधीचा प्रतिध्वनी पुढच्यात मिसळतो. सेन्सर चालवणारा मायक्रोकंट्रोलर बोर्ड ३.३ व्होल्टचा असेल तर तो सेन्सरच्या एको पिनला (प्रतिध्वनीचा सिग्नल देणारी, ५ व्होल्टची) थेट जोडू नका: एको पिन आणि बोर्डच्या मध्ये १ किलोओहम, बोर्डच्या टोकापासून ग्राउंडला २ किलोओहमचा रेझिस्टर.

परभणी-नांदेडच्या ४२ अंशांच्या उन्हात आवाज सेकंदाला नेहमी धरतात ते ३४३ नव्हे, सुमारे ३५७ मीटर जातो. त्यामुळे २ मीटरवरची भिंत १.९२ मीटर दिसते. चालेल, चूक सुरक्षित बाजूची आहे. खरी फसगत कापसाच्या गाडीपाशी: मऊ कापूस आवाज पिऊन टाकतो, प्रतिध्वनी येतच नाही. तिरपा पत्राही आवाज भलतीकडे फेकतो.

बीप बोन कंडक्शन हेडफोनवर (कान न झाकता हाडातून आवाज पोचवणाऱ्या) घ्या. रहदारी ऐकायला कान मोकळे हवेत. उघडी नाली मात्र या सेन्सरला कळत नाही, तिथे काठीच.