ट्रेम्बलर उंदरांवर काम सुरू करताय? मग अ‍ॅक्सॉनही मोजा

मायलिनच्या लॅबमध्ये नवीन आलेला जवळपास प्रत्येकजण आधी मायलिनची, म्हणजे नर्व्हच्या तंतूवरच्या वेष्टनाचीच जाडी मोजत बसतो, साहजिकच आहे म्हणा, टोल्युइडिन ब्लू लावलेल्या सायॅटिक नर्व्हच्या (पायात जाणारी जाड नस) सेक्शनमध्ये डोळ्यात भरतात त्या गडद निळ्या कडाच. आतला फिकट गोल म्हणजे अ‍ॅक्सॉन, नर्व्ह सेलचा लांब तंतू, त्याच्याकडे कोणी बघत नाही. माझं म्हणणं असं की ट्रेम्बलर उंदरांमध्ये खरी मजा त्या फिकट गोलातच आहे.

थोडी पार्श्वभूमी. ट्रेम्बलर उंदराचं वर्णन १९५१ मध्ये फाल्कनरनी केलं, अंग थरथरतं म्हणून हे नाव. दोष मायलिनमधलं एक प्रथिन बनवणाऱ्या पीएमपी२२ या जीनमध्ये आहे हे १९९२ मध्ये कळलं. ट्रेम्बलर-जे या त्याच जीनच्या दुसऱ्या म्यूटंटमध्ये प्रथिनाच्या १६व्या जागेवर ल्युसिनऐवजी प्रोलिन येतं, आणि अगदी हाच बदल शार्को-मारी-टूथ हा नसांचा आनुवंशिक आजार असलेल्या माणसांमध्येही सापडलाय, त्यामुळे हे मॉडेल नुसतं उंदरांपुरतं नाही.

दोष श्वान सेलचा (नर्व्हमध्ये मायलिन बनवणारी पेशी) की अ‍ॅक्सॉनचा, हे कसं ठरलं ते मात्र नीट समजून घ्या. अग्वायो आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये ट्रेम्बलरच्या नर्व्हचा तुकडा नॉर्मल उंदराच्या नर्व्हमध्ये बसवला, नॉर्मल अ‍ॅक्सॉन त्यातून वाढत गेले, आणि मायलिन खराब झालं ते फक्त त्या तुकड्यात, कारण तिथले श्वान सेल ट्रेम्बलरचे. पुढे १९९२ मध्ये डी वाएघ, ली आणि ब्रेडी यांनी अशाच ग्राफ्टमध्ये अ‍ॅक्सॉनच्या आत डोकावलं. तिथे न्यूरोफिलामेंटवरचे (आतल्या सांगाड्याचे प्रथिनांचे धागे) फॉस्फेट कमी झालेले, फिलामेंट एकमेकांना चिकटून दाटीवाटीने बसलेले आणि अ‍ॅक्सॉन बारीक. ट्रेम्बलरच्या नर्व्हमध्ये स्लो ट्रान्सपोर्ट, म्हणजे सांगाड्याच्या प्रथिनांचा आतून होणारा संथ प्रवासही मंदावलेला असतो. म्हणजे अ‍ॅक्सॉन एकच, पण कुठल्या श्वान सेलच्या हद्दीतून जातोय त्यावर त्याची जाडी ठरते! मायलिनला वायरवरचं प्लास्टिक म्हणायची सवय असेल तर ती इथेच सोडा, प्लास्टिक काही आतली तार बारीक करत नाही.

आता मोजणीकडे. जी-रेशो म्हणजे अ‍ॅक्सॉनचा व्यास भागिले मायलिनसकट पूर्ण फायबरचा व्यास, पेरिफेरल नर्व्हमध्ये साधारण ०.६ ते ०.७. गोची अशी की अ‍ॅक्सॉन आणि मायलिन दोन्ही सारख्याच प्रमाणात बारीक झाले तर रेशो जागचा हलत नाही आणि तुम्ही सगळं ठीक आहे असं लिहून मोकळे. म्हणून नुसती सरासरी देऊ नका, अ‍ॅक्सॉनच्या व्यासाचा हिस्टोग्राम वेगळा काढा आणि जी-रेशो व्यासासमोर प्लॉट करा. जे फायबर एक मायक्रॉनपेक्षा जाड असून उघडे आहेत त्यांचा आकडा वेगळा द्या, कारण मायलिनच नाही त्यांचा जी-रेशो काय काढणार. कंट्रोल त्याच पिल्लावळीतला घ्या, दोघांची नर्व्ह एकाच लेव्हलला कापा आणि जीनोटाइप झाकून मोजा, हे सांगायलाच नको.

डिसेक्शनमध्ये नर्व्ह फोर्सेपने मधे धरून ओढली की मायलिन चुरगळतं आणि ते हुबेहूब रोगासारखं दिसतं, धरायचीच असेल तर टोकाला धरा आणि ते टोक नंतर कापून टाका. सेक्शन तिरका गेला तर गोलाचा अंडाकार होतो, तिथे लहान व्यासच घ्या.

वेळ मिळाला तर टीझ्ड फायबर जरूर करा. ऑस्मियम लावलेली नर्व्ह ग्लिसरीनमध्ये ठेवून दोन बारीक सुयांनी एकेक फायबर सुटा करायचा, कंटाळवाणं काम आहे, मान अवघडते, पण रॅनव्हिएच्या दोन नोडमधलं अंतर एका श्वान सेलचं असतं ते इथे लांबीत मोजता येतं, आडव्या सेक्शनमध्ये ते कधीच दिसणार नाही.

आणि शिव्हरर उंदीर सहज मिळतोय म्हणून घेऊ नका. त्यात एमबीपी हे मायलिनचं प्रथिन नसल्यामुळे मेंदू आणि पाठीच्या कण्यातलं मायलिन जवळपास गायब असतं, पण सायॅटिक नर्व्ह बरीचशी ठीकठाक दिसते, तिथे पी-झिरो हे मायलिनचंच दुसरं प्रथिन सांभाळून घेतं असं मानतात. श्वान सेलवर काम करायचंय तर तो आपल्या कामाचा नाही.