घरच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतील प्रवाळांची वाढ

टणक प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटपासून घडवतात. त्यामुळे त्यांची वाढ हवी असल्यास सर्वप्रथम पाण्याच्या अल्कलिनिटीकडे, म्हणजे सांगाड्यासाठी लागणाऱ्या कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या साठ्याकडे, लक्ष द्यावे. ती ८ ते ९ डीकेएच (अल्कलिनिटी मोजण्याचे एकक), कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दर दहा लाख भागांमागे भाग) आणि मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास असावे, मात्र माझ्या मते नेमक्या आकड्यापेक्षा स्थैर्य अधिक मोलाचे आहे. म्हणून रोज ठरावीक वेळी चाचणी घेऊन, चोवीस तासांत जेवढी घट झाली असेल तेवढीच भर थोडी थोडी करून घालावी.

तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअस राखावे. बाष्पीभवनात पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते, त्यामुळे ही तूट आरओ-डीआयच्या (गाळून क्षार काढून टाकलेल्या) गोड्या पाण्यानेच भरावी. नायट्रेट व फॉस्फेट शून्यावर आणण्याचा अट्टहास करू नये, कारण प्रवाळांनाही पोषण लागते.

नवा एलईडी दिवा सुरुवातीला मंद ठेवून काही आठवड्यांत हळूहळू वाढवावा. अ‍ॅक्रोपोरा या फांद्या फुटणाऱ्या टणक प्रवाळाच्या फांदीचे केवळ टोक पांढरट दिसत असेल, तर ती बहुधा नवी वाढ असते; मात्र बुडाकडून ऊती सोलवटून पांढरा सांगाडा उघडा पडू लागल्यास अल्कलिनिटी त्वरित तपासावी.